परांचीचे पैसे वेगळे लिहा

आमच्या बेळगावात घर बांधायचं ठरलं की मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला: चौरस फुटाला काय रेट? मग शेजारच्या गल्लीत कुणी कितीला बांधलं, अनगोळात काय चाललंय, कंग्राळीत काय, याची चौकशी होते. दहा-वीस रुपयांवरून तासभर घासाघीस चालते आणि शेवटी कंत्राटदार "जाऊ दे, तुम्ही आपल्यातलेच की" म्हणत रेट उतरवतो. उतरवलेले ते दहा-वीस रुपये तो कुठून भरून काढतो, हे मालकाच्या कधी लक्षात येत नाही. सळई मालक समोर उभा राहून मोजून घेतो, सिमेंटची पोती मोजतो, तिथं हात मारता येत नाही. मग कात्री लागते परांचीला, म्हणजे उंचावर उभं राहून काम करायला बांधतात त्या सांगाड्याला, स्लॅबखालच्या बल्ल्यांना, वायरीला. माणूस ज्याच्या भरवशावर वर चढतो, नेमकं तेच स्वस्तात उरकलं जातं.

मी सिव्हिलचा डिप्लोमा करून साइटवर देखरेखीचं काम करते. आई खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावाहून बेळगावला बिगारी म्हणून यायची. डोक्यावर बुट्टी घेऊन तिनं कितीतरी लोकांच्या दुमजली घरांचं काँक्रीट वर नेलं. मामा फरशी बसवायचा. मी कागदावर सुपरवायझर असले तरी साइटवर मला सगळे अक्काच म्हणतात. हे लिहितेय ते यंदा घर काढणाऱ्यांसाठी. माझं म्हणणं एवढंच आहे, की परांची, करंटची सुरक्षा, मास्क, संडास, या सगळ्याच्या ओळी एस्टिमेटमध्ये वेगळ्या लिहा आणि त्याचे पैसे वेगळे द्या. "रेटमध्येच आलं की सगळं" असं कंत्राटदार म्हणाला, की त्यातलं काहीही साइटवर येणार नाही असं धरून चाला.

परांचीपासून सुरुवात करते. कुठल्याही गल्लीत बाहेरचा गिलावा चालू असेल तर थांबून बघा. निलगिरीचे वासे थेट मातीत रोवलेले, काथ्याची नाहीतर जुनी नायलॉनची दोरी, आणि उभं राहायला एकच फळी. ती फळीही सेंट्रिंगला, म्हणजे स्लॅबच्या साच्याला, वापरून वापरून कुजलेली. गवंडी त्या फळीवर उभा, एका हातात थापी, दुसऱ्या हातात रंधा. गिलावा भिंतीला नीट बसायचा तर रेटून मारावा लागतो. तो जेवढ्या जोरानं भिंतीला रेटतो, तेवढ्याच जोरानं भिंत त्याला मागं ढकलते. मागं काहीच नसतं. तेवीस-चोवीस फुटांवरून खाली विटांचा ढीग असतो.

चांगली परांची कशी असते, हे मालकालाही दोन मिनिटांत तपासता येतं. उभ्या वाशाखाली जाड फळकूट किंवा लोखंडी पाट असावा, कारण आमच्याकडच्या लाल मातीत एका रात्रीच्या पावसानं वासा वीतभर खचतो. चालायला एक फळी पुरत नाही, दोन-तीन फळ्या शेजारी शेजारी आणि दोन्ही टोकांना बांधलेल्या हव्यात. टोक आधाराच्या फार बाहेर आलं असेल तर तिथं पाय पडताच फळी उलटते. कमरेच्या उंचीला आडवा दांडा, गुडघ्याजवळ दुसरा, आणि पायाशी उभी पट्टी, म्हणजे वीट किंवा थापी घसरून खालच्याच्या डोक्यात बसत नाही. परांची इमारतीला जागोजागी बांधलेली असली पाहिजे, नुसती टेकवलेली चालत नाही. लोखंडी पाइपची, क्लँपची परांची भाड्यानं मिळते. भाडं दिवसावर असतं म्हणून कंत्राटदार ती आणायला तयार नसतो. पैसे वेगळे दिले की आणतो, हे मी बघितलेलं आहे.

कमरेच्या बेल्टबद्दलही बोलायला हवं. हल्ली काही मालक हौसेनं बेल्ट आणून देतात आणि निश्चिंत होतात. पण हूक अडकवायचा कशात? परांचीच्याच बांबूत अडकवला, तर परांची कोसळताना माणसालाही ओढून नेते. स्लॅबवरच्या पक्क्या कॉलमला वेगळी दोरी बांधलेली असेल तरच बेल्टचा उपयोग. नुसत्या कमरेच्या पट्ट्याऐवजी खांदे आणि मांड्या धरणारा पूर्ण बेल्ट घ्यावा, कारण झटका बसला की कमरेचा पट्टा बरगड्या आणि पोट आवळतो. आणि कुणी लटकला तर त्याला मिनिटांत खाली घ्यावं लागतं. पायांत रक्त साचतं आणि माणूस बेशुद्ध होतो.

स्लॅबमधली भोकं हा आणखी एक सापळा. जिन्याची जागा, डक्ट, पाण्याच्या टाकीचं तोंड. त्यावर प्लायचा तुकडा टाकून ठेवतात. कुणीतरी पोरगा येतो, प्लाय हवा म्हणून दोन्ही हातांनी उचलतो, तो समोर धरल्यामुळे पायाखालचं दिसत नाही, आणि एक पाऊल पुढं टाकतो. या प्रकारात पडलेल्या पोराला मी रिक्षात घालू दिलं नाही, पाठीला फळी लावून १०८ची वाट बघायला लावली, म्हणून त्याचे पाय आज चालतात असं डॉक्टर म्हणाले. मणक्याला इजा असताना माणसाला दुमडून रिक्षात कोंबणं फार वाईट. आमच्याकडे सर्रास तेच होतं, मदत करायच्या घाईत. भोकावरचा प्लाय चारी बाजूंनी खिळे मारून बसवायचा आणि त्यावर लाल रंगानं मोठी फुली मारायची. खर्च जवळजवळ नाहीच.

मृगाच्या आधी आमच्या भागात सगळेच छपरावर चढतात. कौलं शाकारायची, फुटका पत्रा बदलायचा. सिमेंटचा पत्रा वरून दगडासारखा दिसतो, पण ऊन-पाऊस खाऊन आतून पापडासारखा झालेला असतो. बोल्टच्या रेषेवर, म्हणजे जिथं खाली वासा आहे तिथंच पाय द्यायचा हे जुन्या माणसांना माहीत असतं, पण घाईत पाय इकडचा तिकडं पडतो. छपरावर दोन लांब फळ्या किंवा आडवी शिडी टाकून त्यावरूनच चालायचं. शिवाय जुन्या सिमेंटच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ छातीला घातक, म्हणून तो कट्टरनं, म्हणजे कापायच्या मशीननं, कापायचा नाही, फोडायचाही नाही. पाणी मारून, बोल्ट काढून, अख्खा खाली घ्यायचा.

आता करंट. वडगाव, शहापूरसारख्या जुन्या दाट वस्तीत घरं रस्त्याला अगदी लागून आहेत, आणि वरच्या मजल्याच्या गॅलरीजवळून लाइन गेलेली असते. सळई येते १२ मीटरची, म्हणजे जवळजवळ ४० फुटांची. ती गच्चीवर चढवताना खालून दोघं उभी करतात, वरून दोघं ओढतात, मध्येच ती वाऱ्यानं किंवा वजनानं झुकते. ११ हजार व्होल्टच्या तारेला ती टेकायचीही गरज नसते, अगदी जवळ गेली तरी ठिणगी उडी मारते, आणि सळई धरलेले सगळे एकदम जातात. उपाय साधा आहे. सळई खालीच मापात कापायची, नाहीतर लाइनच्या उलट्या बाजूनं चढवायची, आणि काम सुरू करण्याआधी हेस्कॉमकडे, म्हणजे आमच्या वीज कंपनीकडे, लेखी अर्ज देऊन तेवढा वेळ लाइन बंद करून घ्यायची. मालकानं स्वतः अर्ज दिला तर तो लवकर हलतो. कंत्राटदाराला त्यात दोन दिवस घालवायचे नसतात.

स्लॅबच्या दिवशीचं चित्र डोळ्यांपुढं आणा. सगळीकडं ओलं, माणसं अनवाणी किंवा स्लीपरवर, आणि मधून व्हायब्रेटरची वायर ओढत नेलेली. त्या वायरीला तीन ठिकाणी जोड, जोडावर दुधाची पिशवी गुंडाळलेली. प्लग तुटलेला, म्हणून दोन उघड्या तारा सॉकेटमध्ये खुपसून आगकाडीनं घट्ट बसवलेल्या. हे मी आजही बघते. तात्पुरत्या मीटरजवळ ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवला, तर करंट माणसाच्या अंगातून जमिनीत जायला लागताच तो सेकंदाच्या अंशात लाइन तोडतो. किंमत स्लॅबच्या दिवशीच्या जेवणावळीपेक्षा कमीच. घर पूर्ण झाल्यावर तोच घराच्या बोर्डात बसवता येतो, म्हणजे पैसे वायाही जात नाहीत. त्यावर 'टेस्ट'चं बटण असतं, ते रोज सकाळी दाबून बघायचं. एमसीबी आहे की, असं वायरमन म्हणाला तर ऐकू नका. एमसीबी वायर वाचवतो. माणूस मरायला लागणारा करंट त्याच्या दृष्टीनं फार थोडा असतो.

संप, म्हणजे जमिनीखालची पाण्याची टाकी, त्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण यात माणसं एकामागून एक जातात आणि सगळे "गॅस कुठून आला, नवीनच तर बांधलाय" म्हणत राहतात. नवीन संप किंवा सेप्टिक टँकचा स्लॅब टाकतात, वर दीड-दोन फुटांचं तोंड ठेवतात, आणि सेंट्रिंग आत राहतं. पुढचे दोन-तीन आठवडे आत ओली फळी कुजते, खाली क्युरिंगचं, म्हणजे काँक्रीट भिजवत ठेवायचं, पाणी साचून सडतं. कुजताना प्राणवायू संपतो, वाईट वायू तयार होतो, आणि तोंड लहान असल्यामुळे वारा खेळत नाही. मग एक दिवस सेंट्रिंगवाल्याचा पोरगा फळ्या काढायला उतरतो आणि हाक न मारता खाली बसतो. त्याला चक्कर आली असं समजून भाऊ उतरतो. मग तिसरा. सडक्या अंड्यासारखा वास येतो म्हणून कळेल असं कुणी सांगेल, पण तो वायू जास्त असला की नाकाला वास लागायचाच बंद होतो. दिवा सोडून बघायची जुनी पद्धतही पुरत नाही. विषारी वायू असतानाही ज्योत जळत राहू शकते.

म्हणून माझ्या साइटवर नियम आहे: तोंड आदल्या दिवशी उघडायचं, साचलेलं पाणी वरून मोटर लावून उपसायचं, मग पंख्याला प्लास्टिकचा जाड पाइप जोडून तळापर्यंत हवा सोडायची, आणि उतरणाऱ्याच्या अंगाला दोरी, तिचं टोक वर दोन माणसांच्या हातात. पेट्रोलचा पंप आत उतरवायचा नाही, त्याचा धूरच जीव घेतो. आतला माणूस बोलायचा थांबला तर वरून दोरी ओढायची. त्याच्यामागं कुणीही उतरायचं नाही, सख्खा भाऊ असला तरी, आणि लगेच ११२ला फोन करायचा. हे मी संपच्या भिंतीवर रंगानं लिहायला लावते, मराठीत आणि कन्नडमध्ये. आमच्या साइटवर खानापूरकडची मराठी माणसं असतात, गोकाक-सौंदत्तीकडची कन्नड, आणि सेंट्रिंगला हल्ली बिहारची मुलं. त्यांच्यासाठी तोंडी हिंदीत. सकाळी काम लावतानाच दहा मिनिटं यासाठी ठेवायची. "अक्का, रोज काय तेच तेच गा?" म्हणणारे कामगार मला भेटतात. मी तेच तेच सांगत राहते.

पायाच्या चरीबद्दल एवढंच: दीड मीटरपेक्षा खोल चर असेल तर बाजूंना फळ्यांचा आधार द्यायचा किंवा कडा तिरक्या कापायच्या, आणि काढलेली माती काठावर रचायची नाही. एक घनमीटर माती दीड टनांच्या वर भरते. ती छातीपर्यंत आली तरी माणसाला श्वास घेता येत नाही, डोकं बाहेर असूनही. जून-जुलैच्या पावसात जुन्या घराच्या भिंतीला लागून चर काढूच नये.

आणि सेंट्रिंग लवकर उतरवायची घाई. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालच्या बल्ल्या किमान ७ दिवस, त्याहून मोठ्या स्लॅबच्या १४ दिवस, सहा मीटरपेक्षा लांब तुळईच्या २१ दिवस, असं आपलं मानक सांगतं. दुसऱ्या साइटला फळ्या हव्यात म्हणून त्या आधी काढल्या जातात. मालकानं भिंतीवर स्लॅबची तारीख लिहून ठेवली की कुणाची हिंमत होत नाही.

आता मामाचं सांगते. तो कडप्पा, शहाबादी, नंतर ग्रॅनाइट आणि व्हिट्रिफाइड, सगळं बसवायचा. हाताला इतकी सफाई, की देवघराच्या कोपऱ्यातला तुकडाही सांधा न दिसता बसवेल. शेजाऱ्यांनी धुळीची तक्रार करू नये म्हणून खिडक्या-दारं लावून आतच कट्टर चालवायचा, कोरडा. चार इंची पातं, समोर ग्रॅनाइटची पट्टी, तोंडाला रुमाल. अर्ध्या तासात खोलीत समोरचा माणूस दिसत नसे. बाहेर आला की पापण्या, मिशा, कानातले केस, सगळं पांढरं. नळावर तोंड धुवायचा, गुळाचा खडा खायचा. गुळानं धूळ उतरते, ही समजूत आजही प्रत्येक साइटवर आहे. गूळ पोटात जातो, धूळ फुप्फुसात गेलेली असते.

ग्रॅनाइटमध्ये गारेचा, म्हणजे सिलिकाचा अंश भरपूर असतो. डोळ्यांना दिसते ती जाड धूळ नाकात-घशात अडकते आणि शिंकेत निघून जाते. घात करतात ते त्याहून कितीतरी बारीक, न दिसणारे कण. ते फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतात आणि तिथून निघत नाहीत. शरीर त्यांच्याभोवती व्रण बांधत जातं, फुप्फुस कडक होत जातं. याला सिलिकोसिस म्हणतात. काम सोडल्यावरही तो वाढत राहू शकतो आणि झालेलं नुकसान भरून काढणारं औषध नाही. रुमालातून हे कण आरपार जातात. हल्ली ओट्याला जो कारखान्यात बनवलेला 'क्वार्ट्ज' दगड लावतात, त्यात सिलिका ग्रॅनाइटपेक्षाही कितीतरी जास्त, नव्वद टक्क्यांपर्यंत असतो. तो कापणाऱ्यांना हा रोग कमी वर्षांत गाठतो.

मामाला खोकला लागला, वजन उतरलं, दम लागायला लागला. एक्स-रेवर डाग बघून त्याला टीबीची औषधं सुरू केली. थुंकीत जंतू सापडले नव्हते. कोर्स पूर्ण झाला, फरक पडला नाही, दुसऱ्या ठिकाणी दाखवलं, तिथं पुन्हा तीच औषधं. "काम काय करता?" हा प्रश्न त्याला फार उशिरा, एका तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारला. तोवर त्याला घराच्या पायऱ्या चढवत नव्हत्या, रात्री उशीला टेकून बसूनच झोपायचा. सिलिकोसिस झालेल्यांना टीबीही लवकर होतो, त्यामुळे गोंधळ होतो हे मी समजू शकते. पण फरशीवाला, पॉलिशवाला, खडीच्या क्रशरवरचा, दगड फोडणारा माणूस खोकत आला, तर त्याचा धंदा केस-पेपरवर पहिल्या ओळीत लिहिला गेला पाहिजे. आणि तुमच्या घरातलं कुणी या कामात असेल, तर डॉक्टरांनी विचारायची वाट बघू नका, आपणहून सांगा: किती वर्षं, कुठला दगड, कोरडा की ओला. मामा साठी गाठायच्या आधीच गेला. त्यानं बसवलेल्या फरशा शहरात अजून चकाकतायत.

यावर इलाज आहे आणि तो माहीत असलेला आहे. कापताना पात्यावर पाण्याची धार हवी. पाण्याची नळी जोडायची सोय असलेलं कट्टर मिळतं. तेही नसेल तर एक माणूस बाटलीनं पाणी सोडत उभा राहिला तरी हवेत उडणारी धूळ खूप कमी होते. इथं पाणी आणि करंट एकत्र येतात, म्हणून वर लिहिलेला आरसीसीबी असल्याशिवाय हे करायचं नाही. कापाकापी घराबाहेर, मोकळ्या वाऱ्यात, वाऱ्याकडं पाठ करून. तोंडाला एन-९५ मास्क, नाकाची पट्टी दाबून बसवलेला. दाढी असेल तर कडेनं धूळ आत शिरते, हे लोकांना सांगावं लागतं. संध्याकाळी कोरडा झाडू मारायचा नाही, आधी पाणी शिंपडायचं. बाईच झाडते सहसा, आणि तीच धूळ तिच्याही पोटात-छातीत जाते.

आईच्या हातांचं दुखणं वेगळं. बोटांच्या पेरांत भेगा, तळव्याची सालं निघालेली, भाकरी थापताना पीठ झोंबायचं. ओलं सिमेंट जबरदस्त क्षारीय असतं, चुन्यासारखं चामडी खातं, आणि त्यातल्या क्रोमियममुळे काहींना कायमची खाज सुटते, मग थोडं सिमेंट लागलं तरी अंगावर उठतं. ओल्या काँक्रीटमध्ये गुडघे टेकून तासभर काम केलं तर भाजल्यासारखी जखम होते, आणि ती होत असताना दुखत नाही. घरी गेल्यावर कळतं. रबराचे हातमोजे, गमबूट, आणि हातपाय धुवायला साइटवर भरपूर साधं पाणी. रॉकेलनं धुवू नका. डोळ्यात चुना किंवा सिमेंट उडालं तर पंधरा-वीस मिनिटं नुसत्या पाण्याची धार, मग डॉक्टर. तूप, दूध, मध, काहीही घालायचं नाही.

बायकांच्या संडासाची गोष्ट मालकांसमोर काढली की ते नजर चुकवतात. पण हे आरोग्याचंच काम आहे. साइटवर संडास नाही म्हणून बिगारी बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत. एप्रिल-मेच्या उन्हात, डोक्यावर बुट्टी, अंगात पाणी नाही. लघवीची जळजळ, चक्कर, आणि जिन्यावर चक्कर आली की पुढं काय होतं ते सांगायला नको. पाया खणायच्या आधी पत्र्याचा, कडी लागणारा संडास उभा करा. शेवटी तो काढून टाकता येतो. मिक्सरच्या पट्ट्यावर आणि चाकावर जाळीचं झाकण हवं, पदर आणि वेणी त्यातच अडकते. पदर खोचून वर शर्ट घालायची आमच्याकडच्या बायकांची रीत चांगली आहे. लहान पोरं आईबरोबर येतात. बांधकाम कामगारांच्या १९९६च्या कायद्यात पाळणाघराची अट होती, पण पन्नासपेक्षा जास्त बायका कामाला असतील तेव्हा. आमच्या साइटवर चार-पाच असतात. मग पोरं वाळूच्या ढिगावर खेळतात, आणि शेजारी क्युरिंगच्या पाण्यानं भरलेला उघडा संप असतो. झाकण टाका. सावलीची एक जागा दोरीनं आखून द्या, एका म्हाताऱ्या मावशीला तिची हजेरी देऊन पोरांजवळ बसवा.

मी मालकांच्याच मागं का लागलेय, त्याचं कारण कायद्यात आहे. बांधकाम कामगारांसाठी १९९६मध्ये केंद्राचा कायदा झाला. पण दहापेक्षा कमी कामगारांचं काम त्याच्या बाहेर ठेवलं होतं, आणि स्वतःच्या राहत्या घराचं दहा लाखांपर्यंतचं कामही. नोव्हेंबर २०२५पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या, त्यांत घराच्या खर्चाची ही मर्यादा कितीतरी पटींनी वाढली आहे. म्हणजे आमच्या गल्ल्यांतली बहुतेक घरं कायद्याच्या कक्षेबाहेर उभी राहणार. तिथं निरीक्षक येणार नाही. तुमच्या आणि कंत्राटदाराच्या कागदावर जे लिहिलेलं असेल, तेवढंच त्या माणसाचं संरक्षण.

बांधकाम कामगाराच्या कार्डाचं मात्र प्रत्येकानं करून घ्यावं. कर्नाटकात बांधकाम कामगारांचं कल्याण मंडळ २००७मध्ये झालं. मोठ्या बांधकामांच्या खर्चावर एक टक्का उपकर घेतात, त्यातून त्याला पैसा येतो. १८ ते ६० वय आणि गेल्या बारा महिन्यांत ९० दिवस काम केल्याचा दाखला, एवढ्यावर नोंदणी होते. दाखल्यावर सही करायला मालक आणि कंत्राटदार कचरतात, पुढं काही अंगाशी येईल म्हणून. कृपा करून सही करा. अर्ज कन्नडमध्ये असतो, आमच्या अनेक मराठी बायकांना तो वाचता येत नाही, तेव्हा घरातल्या शाळकरी मुलाला बसवून भरून द्या. तो मुलगा शाळेत कन्नड शिकतोच.

सीमाभागाची खरी अडचण कार्डानंतर सुरू होते. चंदगडकडचा गवंडी सकाळी शिनोळीवरून गाडीनं बेळगावला येतो, खानापूरचा पोरगा सहा महिने गोव्यात असतो, निपाणीचा माणूस कागल-कोल्हापूरला जातो. प्रत्येक राज्याचं मंडळ वेगळं, नोंद वेगळी, ९० दिवस मोजायचे वेगळे. वर्ष तीन राज्यांत वाटलं गेलं की एकाही ठिकाणचा दाखला धड होत नाही. यावर वरून तोडगा निघेल तेव्हा निघेल. तोवर निदान बँकेत प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा अर्ज भरून ठेवा. वर्षाला २० रुपये कापले जातात, अपघातात मृत्यू आला तर घरच्यांना २ लाख मिळतात, आणि अपघात कुठल्याही राज्यात झाला तरी चालतो. मी माझ्या साइटवर पहिल्या पगाराच्या दिवशीच सगळ्यांचे अर्ज भरून घेते.

हिंडलग्याच्या बाजूला सध्या एक घर चालू आहे, मालक निवृत्त शिक्षक. एस्टिमेटच्या शेवटी मी एक पान जोडलं: पाइपची परांची भाड्यासह, आरसीसीबी आणि नवी वायर, हेल्मेट आणि बूट माणसागणिक, हातमोजे, एन-९५ची पेटी, पाण्याचं कट्टर, पत्र्याचा संडास, संपसाठी पंखा आणि दोरी. सर म्हणाले, "एवढं सगळं? बाकीचे तर काहीच लावत नाहीत." कंत्राटदार गप्प उभा. मी त्यांना बेरीज दाखवली. हॉलमधल्या पीओपीच्या नक्षीचा खर्च त्याहून जास्त होता. सरांनी पान वाचलं, परांचीच्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे पैसे दिले आणि यानं आणलंच नाही तर?" म्हणून आम्ही पुढं एक अट लिहिली. या पानावरचे पैसे वस्तू साइटवर आल्यावर, मालकानं बघितल्यावर द्यायचे. आणि परांचीचा हप्ता ती उभी राहून, दांडे लागून, माझी सही झाल्यावर. कंत्राटदारानं कुरकुर न करता सही केली. त्याला तरी आपली माणसं पडायला कुठं हवी असतात, त्याच्या खिशातून जात नसलं की झालं.

दिवाळीनंतर ज्यांचं काम निघणार आहे, त्यांनी रेट ठरवायच्या बैठकीतच असं पान पुढं ठेवावं. एकदा रेट ठरला की मग कंत्राटदार प्रत्येक वस्तूला "आता त्यात बसत नाही" म्हणतो. पानाचा नमुना मराठी आणि कन्नड दोन्हीत लिहून ठेवलाय. हवा असेल त्यांनी मागा, लगेच पाठवते.